बाराव्या खुर्चीवरचा बस्त्याव

चर्चमध्ये भक्तीपेक्षा किस्से जास्त साठतात, असं माझं स्वच्छ मत आहे. कळव्याच्या आमच्या कॉयरमध्ये मी वीसेक वर्षं गातेय, म्हणजे माझ्याकडे साठा भरपूर!

*

गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी फादर बारा जणांचे पाय धुतात. येशूने शिष्यांचे धुतले, त्याची आठवण. आमचे बारा जण मात्र घरूनच साबणाने घासून येतात. अंतोन अंकल तर एकदा डोंबिवलीच्या पार्लरमध्ये जाऊन आले. तिथल्या मुलीने विचारलं, कुणाचं लग्न आहे का? "नाही, फादर पाय धुणार आहेत." बिचारीने टाचा आणखी एकदा घासल्या.

*

बस्त्याव म्हणजे आमच्या कॉयरचा सगळ्यात भारदस्त आवाज. दोन वर्षांपूर्वी नाताळच्या मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या मोठ्या प्रार्थनेला, तो पिऊन आला. कॉयरमास्तर लॉरेन्स सरांनी घरी जा म्हटलं, तर भर चर्चमध्ये त्यांना शिव्या दिल्या, ढकललं. नंतर त्याने दारू सोडली, पण गेटच्या आत पाऊल टाकेना; प्रार्थनेला यायचा आणि गेटबाहेरच उभा राहायचा. मी एकदा चांगलंच झापलं. म्हटलं, कन्फेशन केलंस ना?

"केलं गं ताई. देवाने माफ केलं. सरांचं काय?"



*

सरांपुढे त्याचं नाव काढायची सोय नव्हती. पण एक नवा मेंबर बस्त्यावच्या जागी उभा राहिला, तर सरांनी त्याला हलवलं. म्हणाले, "तिथे माणूस आहे."

*

यंदा आयत्या वेळी बारावा माणूस आलाच नाही. फादर थेट गेटवर गेले आणि बस्त्यावला दंडाला धरून घेऊन आले. तो साइटवरून आलेला, पाय सिमेंटने भरलेले. ते खुर्चीखाली ओढत म्हणाला, "फादर, पाय घाण आहेत."

"बरं झालं. दरवर्षी मी धुतलेलेच धुतो."

धुऊन झाल्यावर फादरनी टॉवेल लॉरेन्स सरांच्या हातात दिला. सर सावकाश खाली बसले आणि पाय पुसू लागले, बोटांच्या मधूनसुद्धा. बस्त्याव मान खाली घालून रडत होता. पुसून झालं तरी सर उठेनात.

"बघतोस काय? हात दे. गुडघा धरलाय."

बस्त्यावने त्यांना उठवलं. सरांनी त्याचा हात काही सोडला नाही. तसंच ओढत त्याला कॉयरमध्ये आणलं आणि आम्हाला म्हणाले, "याला कुणीतरी गाण्यांचं पुस्तक द्या."