बोरीवली ते नाहूर, ड्रॅगन फ्रूटच्या परागासाठी

आधीच सांगून टाकतो. नाईककाकूंच्या झाडाला लागलेलं पहिलंवहिलं ड्रॅगन फ्रूट मी लटकवलं होतं. बोरीवली स्टेशनबाहेरच्या गाडीवरून घेतलं, गच्चीवर चढलो, नायलॉनच्या दोऱ्याने फांदीला बांधलं आणि खाली येऊन शहाण्या मुलासारखा झोपलो.

नाईककाकू आमच्या डोक्यावर राहतात, चौथ्या मजल्यावर. मूळच्या मालवणकडच्या, बोलणं अजून तिकडचंच. गच्चीवर निळ्या ड्रममध्ये त्यांनी ड्रॅगन फ्रूट लावलंय. दोन वर्षं झाली, फुलं येतात ताटाएवढी, पण फळ एक नाही. फूल पिवळं पडतं आणि टपकन गळतं. मला वाटलं, काकूंची जरा गंमत करू. सकाळी त्या झाड बघतील, ओरडतील, मी दोरा दाखवीन, त्या मला चप्पल मारतील, आणि मग चहा.

काकू ओरडल्या. पण मी गच्चीवर पोचायच्या आत त्यांनी अख्खी बिल्डिंग जमवली. नारळ फोडला. आणि फळ काढायचा मान दिला आमच्या सेक्रेटरी मेहताकाकांना. त्यांनी फळाला हात लावला, दोरा सुटला, फळ हातात आलं. वर कंपनीचा स्टिकर. मी काढायला विसरलो होतो.

"नाईकबेन, झाड तुमचं आणि फळ बाजाराचं?" मेहताकाकांनी विचारलं.

सगळे हसले. काकूही हसल्या. पण त्यानंतर किती दिवस त्या पाणी घालायलासुद्धा वर गेल्या नाहीत. फळ मी बांधलं होतं, हे मी कोणाला सांगितलं नाही. माझं तोंड चोवीस तास चालू असतं, पण तेव्हा उघडलंच नाही.

वर मेहताकाकांनी फर्मान काढलं. ते गच्चीच्या बरोब्बर खाली राहतात. झाडावरच्या मुंग्या त्यांच्या किचनमध्ये उतरतात. "गणपतीच्या आधी खरं फळ दिसलं तर ठेवा. नाहीतर ड्रम भंगारात." मी म्हटलं, बस. आता ह्या झाडाला फळ लागलंच पाहिजे, काय पण होवो.

फोनवर गच्चीवर झाडं लावणाऱ्यांचा एक ग्रुप आहे. तिथे रडगाणं टाकलं. नाहूरच्या एका संगीताताईंचा मेसेज आला: "तुमच्या झाडाला बाहेरच्या झाडाचा पराग लागेल. माझी फुलं उद्या सकाळी उघडी असतील. आठच्या आत ये, ऊन चढलं की मिटतात."

तर मंडळी, बोरीवली ते नाहूर. कोणाला जायचं असेल तर ऐका. लोक म्हणतात घोडबंदरवरून जा. नका जाऊ, सकाळी सकाळी ट्रकच्या मागे धूर खात बसाल. मी दोस्ताची स्कूटर घेतली, हायवेने गोरेगाव आणि तिथून आरेच्या रस्त्याला आत घुसलो. पावसाळ्यात आरे म्हणजे झकास. दोन्ही बाजूला हिरवंगार, हवा एकदम गार, हेल्मेटच्या काचेवर धुकं. फक्त बघायचं रस्त्याकडेच, कारण खड्डे पाण्याने भरलेले असतात आणि कुठला खड्डा किती खोल ते आत गेल्यावरच कळतं. एका टपरीवर दहा रुपयांत आल्याचा चहा घेतला. टपरीवाले मामा म्हणाले, "इतक्या सकाळी कुठे?" म्हटलं, "फुलाचं स्थळ बघायला." मामांनी खारी बिस्किट फुकट दिलं. लग्नाच्या कामाला निघालाय वाटलं असणार.

आरेतून पवईला बाहेर पडलात की डाव्या हाताला तलाव. थांबायची इच्छा होते, पण थांबू नका, पुढे मेट्रोच्या कामाच्या पत्र्यांमध्ये रस्ता इतका बारीक होतो की तिथे वेळ जातोच. भांडुप पार केलं आणि नाहूरला पोचलो तेव्हा आठला थोडा अवकाश होता.

संगीताताई हॉस्पिटलात नर्स आहेत. नाइट ड्यूटी करून नुकत्या घरी आलेल्या, केस अजून जाळीत, डोळे लाल. तळमजल्याच्या अंगणात त्यांची झाडं, आणि त्यांना फळं! लालभडक, लोंबणारी. मी आधी स्टिकर शोधला. सवयच लागली.

"फुलाच्या मधोमध ती चांदणीसारखी फाकलेली दांडी दिसते?" ताईंनी सुरू केलं. "ती बाई. तिच्यावर पिवळी पावडर पडली पाहिजे. तो पराग."

"पण त्याच फुलात ढिगाने पावडर आहे की."

"ती चालत नाही हिला. काही जातींना घरातलं स्थळ नको असतं."

"सगोत्र?"

"हो ना बाबा. आम्ही सोडलं ते सगळं, झाडं अजून सोडेनात." आणि त्या खदखदून हसल्या. "आता तुझ्या काकूंच्या फुलाचा फोटो दाखव."

मी दाखवला. ताईंनी तो बोटांनी मोठा केला आणि त्यांचं हसणं थांबलं.

"हे मध्ये लाल काय आहे?"

"कुंकू. काकू प्रत्येक फुलाची पूजा करतात. पहाटे आंघोळ करून हळद-कुंकू वाहतात, खाली साखर ठेवतात. त्यांच्यासाठी हे ब्रह्मकमळच आहे."

"मधोमध लावतात?"

"मग काय, कपाळ तेच ना फुलाचं?"

ताई पायरीवर बसल्या. "अरे देवा. त्या बाईच्या तोंडात बोळा कोंबलाय तुम्ही दोन वर्षं! पराग चिकटणार कुठे? आणि साखर ठेवलीत म्हणजे मुंग्यांना आमंत्रणच. फांद्यांच्या बेचक्यात पांढरं कापसासारखं काही दिसतं?"

दिसत होतं. मला वाटायचं बुरशी. तो म्हणे पिठ्या ढेकूण. झाडाचा रस पितो आणि गोड चिकट पाणी सोडतो, त्यासाठी मुंग्या त्याला सांभाळतात, गाई-म्हशी सांभाळाव्या तशा. इलाज एकदम घरगुती: जुना टूथब्रश घ्यायचा, साबणाच्या पाण्यात थोडं कडुलिंबाचं तेल, आणि घासून काढायचं. दर आठवड्याला, कंटाळा न करता. मुंग्यांसाठी, दुधाच्या पातेल्याखाली आपण पाण्याची ताटली ठेवतो ना, तसा ड्रम परातीत ठेवायचा. "पाण्यात साबण टाक पण," ताई म्हणाल्या, "नाहीतर डासांचं पाळणाघर काढशील आणि सगळी बिल्डिंग माझ्या वॉर्डात."

मग विचारलं, "तुला एवढी का रे पडलीय?" मी स्टिकरचं सगळं सांगितलं. ताईंनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं.

"माणूस आहेस की माकड?" म्हणाल्या, आणि आत जाऊन ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी घेऊन आल्या. मी ती माफी समजून खाल्ली.

पराग त्यांनी मऊ ब्रशने झटकून नव्या कोऱ्या डबीत भरून दिला. डबी कसली, तर लघवीच्या तपासणीची. "कोरडा ठेव, फ्रिजमध्ये ठेव, दोन-तीन दिवस टिकेल. पाऊस असेल तर लावल्यावर फुलावर छत्री धर."

परतताना भांडुपला वडापाव खाल्ला. आमच्याकडच्यापेक्षा चटणी तिखट आहे, मान्य करतो. घरी आलो, डबी फ्रिजमध्ये ठेवली आणि पाच मिनिटांत आई किंचाळली. "हे लोण्याशेजारी कोणाचं ठेवलंयस रे?" तिला समजावण्यात संध्याकाळ गेली.

आणि वर काकूंच्या झाडाला चार कळ्या टरारून फुगल्या होत्या. रात्री उमलणार हे नक्की.

मी काकूंकडे गेलो. "काकू, उद्या फुलांना कुंकू नका लावू ना."

"कित्या?"

"फळ धरत नाही त्याने."

"रे मेल्या, फूल उमालला आणि पूजा नाय? माका शिकवतंस? आधीच देव रागावलोहा म्हणून तर ता बाजारातला फळ नशिबात इला."

देव बिचारा कुठेच नव्हता त्यात. खाली आलो. परागाची डबी हातात घेऊन बघत बसलो. पिवळाधमक, मऊ, बारीक. अगदी हळदच. आणि माझ्या डोक्यात जे आलं ते आलं.

आईचा जुना करंडा घेतला, पराग त्यात ओतला. पहाटे काकू पूजेचं ताट घेऊन गच्चीवर आल्या तेव्हा मी छत्री धरून आधीच उभा. पाऊस भुरभुरत होता, चारही फुलं टक्क उघडी.

"काकू, हळद आणलीय तुमच्यासाठी. नाहूरच्या देवीची."

"नाहूराक खंयची देवी?"

"नवीन आहे. पण फार जागृत." इथे मी खोटं बोललो नाही. "रात्रभर जागी असते, काकू. लोकांची दुखणी बघते."

काकूंनी ताट खाली ठेवून हात जोडले.

"फक्त नियम कडक आहेत तिचे," मी म्हटलं. "मधोमध हीच हळद लावायची. कुंकू ड्रमला. आणि साखर अजिबात नाही."

"साखर नाय? देवीक डायबेटिस असा काय?"

"तपासणी चालू आहे," मी म्हटलं.

काकू हसल्या. त्या स्टिकरच्या दिवसानंतर पहिल्यांदा. मग बोटाच्या टोकावर पिवळी पावडर घेऊन एकेका फुलाच्या चांदणीला लावत गेल्या, डोळे मिटून, ओठ हलवत. इतक्या हळुवार हाताने मला तरी जमलं नसतं. मी छत्री धरली, हात भरून आला तरी हलवली नाही.

ड्रमखाली साबणाच्या पाण्याची परात सरकवली. पुढचे दिवस मी टूथब्रशने ढेकूण घासत होतो आणि देठांकडे बघत होतो. एक फूल पिवळं पडून गळलं. तीन हिरवी राहिली. मग फुगली. बुलबुल चोची मारायला लागले तेव्हा काकूंनी फळांना माझे जुने पायमोजे चढवले. गणपतीच्या आधी मेहताकाका वर आले, एक मोजा काढून लाल झालेलं फळ फिरवून फिरवून बघितलं, थोडं ओढूनही बघितलं. नाही निघालं. "परातीने मुंग्या पण कमी झाल्या," एवढंच म्हणाले. ड्रम जिथल्या तिथे राहिला.

फळ कसं होतं विचाराल तर गोडीला ठीकठाक. पण काकूंनी ज्या तोऱ्यात बिल्डिंगभर फोडी वाटल्या, तो मी विसरणार नाही. नाहूरला कोणी फिरायला जात नाही. मी आता कधीही जाईन.

कारण जावंच लागणार आहे. काल काकूंनी मला वर बोलावलं. खण, नारळ, तांदूळ आणि सर्वात मोठं फळ, असं ताट तयार. "देवीची ओटी भरूक होयी. रविवारी माका घेवन चल."

मी ताईंना फोन केला. देवीचं, ओटीचं सगळं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "रविवारी माझी सकाळची ड्यूटी आहे. चारनंतर आण. आणि त्यांना चहात साखर चालते का विचार."

तर हात जोडतो, पाया पडतो, हे वाचून कोणाला काही बोलू नका. बोरीवलीत तर अजिबातच नको. काकूंना निदान रविवारपर्यंत तरी कळू देऊ नका ना, प्लीज.