खुर्ची चालू आहे

पुण्यातल्या ज्या कंपनीत मी साडेआठ वर्षं काम केलं, ती एकच वस्तू बनवायची: गिऱ्हाइकाच्या खात्यातून दर महिन्याला वर्गणी आपोआप घेणारं सॉफ्टवेअर. पावती पाठवणं, मुदत संपत आली की आठवण करणं, कुणी सोडून गेलं की नाव काढून टाकणं, सगळं तेच करायचं. सुरुवातीला आमच्याकडं मोठ्या कंपन्याच यायच्या. मग व्यायामशाळा आल्या, ऑनलाइन शिकवण्या आल्या, घरपोच भाजी देणारे आले, कुत्र्यांचं खाणं पाठवणारेही आले. मागणी एवढी वाढली की आम्हाला जेवायला वेळ मिळेना. मला त्या कामात एक वेगळीच गोडी लागली होती. माणसं एखादी गोष्ट किती महिने धरून ठेवतात आणि कधी सोडतात, हे आमच्या पडद्यावर दिसायचं. का सोडतात, ते मात्र कधी दिसायचं नाही.

घरून काम करायची परवानगी मिळाली तशी मी धाराशिवला आईकडं राहायला आले. आल्याच्या दुसऱ्या आठवड्यात मामा घरी आले. मामा म्हणजे आईचे थोरले भाऊ. सगळी नोकरी एसटीत कंडक्टर म्हणून केली आणि निवृत्त झाल्यावर बसस्थानकाजवळ, खताच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, अभ्यासिका काढली. स्पर्धा परीक्षांची तयारी करणारी पोरं-पोरी तिथं सकाळपासून बसतात. अठ्ठेचाळीस खुर्च्या, प्रत्येक खुर्चीला प्लायवुडचा आडोसा, एक दिवा, मोबाईल चार्ज करायची सोय.

"पोरी," मामा म्हणाले, "तू ते महिन्याच्या महिन्याला आपोआप घेणारं काहीतरी बनवतीस म्हणं. ते आमच्या अभ्यासिकेला बसंल का?"

"बसंल की. पण तुम्हाला कशाला पाहिजे? माणसं तर सगळी तुमच्या डोळ्यासमोर असतात."

"म्हणून तर. मान खाली घालून वाचणाऱ्या पोराला हलवून पैसे मागायचे म्हंजे लई जिवावर येतं बघ."

कंपनीचं सॉफ्टवेअर मामांना परवडलं नसतं. मग मीच चार-पाच रविवार बसून एक साधं बनवलं. दाराशी अंगठ्याचं यंत्र बसवलं, वर्गणी खात्यातून आपोआप जाईल असं केलं, आणि मामांसाठी एक चित्र केलं. अठ्ठेचाळीस चौकोन, प्रत्येक चौकोन म्हणजे एक खुर्ची. वर्गणी भरलेली असेल तर हिरवा आणि खाली "चालू आहे", मुदत संपत आली तर पिवळा, रिकामी असेल तर पांढरा. मामांना ते चित्र फार आवडलं. दिवसातून दहा वेळा मोबाईल काढून बघायचे.

वर्षभर सगळं नीट चाललं. मग एके दिवशी मामांचा फोन आला.

"सतरा नंबर हिरवी दिसतीय. पण तिच्यावर कुणी बसत न्हाय."

मी तपासलं. सतरा नंबरची खुर्ची एका मुलीच्या नावावर होती, पत्ता भूम तालुक्यातल्या ईट गावचा. वर्गणी दर महिन्याला ठरल्या तारखेला येत होती. आणि अंगठ्याच्या यंत्रात सात महिने तिची नोंद नव्हती.

मला यात नवीन काही वाटलं नाही. आमच्या कंपनीत अशी गिऱ्हाइकं पुष्कळ होती, भरणारी पण न येणारी. आमचे साहेब सांगायचे की झोपलेल्याला उठवायचं नाही, उठवलं की तो वर्गणी बंद करतो. मी मामांना हे सांगितलं.

"म्हंजे तिकीट काढलेलं माणूस खालीच राहिलंय, आन् आपण घंटी मारून निघून जायचं?"

मला लाज वाटली. पण लाजेपेक्षा जास्त कुतूहल वाटलं. सात वर्षं अशी नावं पडद्यावर बघितली होती, त्यातल्या एकाही माणसाला मी कधी फोन केला नव्हता.

मुलीचा नंबर बंद लागत होता. वर्गणी ज्या खात्यातून येत होती, ते खातं मात्र दुसऱ्याच एका बाईंच्या नावावर होतं. मामांनी त्या खात्याला जोडलेल्या नंबरवर फोन लावला आणि मला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. वयस्क बाईंचा आवाज आला.

"कोण बोलतंय?"

"धाराशिवहून बोलतोय. अभ्यासिकेतनं."

बाई हळूच म्हणाल्या, "खुर्ची हाय का अजून?"

"हाय."

"मग ऱ्हाऊ द्या." आणि फोन ठेवला.

पुन्हा लावला तर उचलला नाही. मामा म्हणाले, आता जाऊनच बघू. मी सुट्टी टाकली. आम्ही एसटीनं भूमला गेलो आणि तिथून ईटची गाडी धरली. मामा वाटभर कंडक्टरच्या हातातल्या तिकिटाच्या यंत्राकडं बघत होते. मी मनात अंदाज बांधत होते. खातं कुणाचं असेल? आईचं? मुलगी पळून गेली असेल आणि घरच्यांनी झाकून ठेवलं असेल? आजारी असेल?

घर गावाच्या कडेला होतं. अंगणात दोन म्हशी, एक कालवड, आणि भिंतीला टेकवलेल्या डेअरीच्या रिकाम्या किटल्या. एक बाई गोठ्यातून हात धूत बाहेर आल्या. पन्नाशीच्या असतील. मामांनी ओळख सांगितली तशा त्या चपापल्या. घराकडं एकदा बघून त्यांनी आम्हाला लिंबाखालच्या बाजेवर बसवलं आणि आवाज खाली आणला.

"ती माझी सून हाय. तिला म्हायीत न्हाय, म्या अजून भरतीय ते."

मग सगळं कळलं. लग्न ठरताना त्यांनी सुनेला कबूल केलं होतं की शिक्षण थांबवणार नाही. मुलगा साखर कारखान्यावर नोकरीला. डेअरीचे पैसे यांच्या खात्यावर यायचे, त्यातून खुर्चीची वर्गणी जायची. सून आठवड्याचे पाच दिवस धाराशिवला खोली घेऊन राहायची. दिवस गेले आणि सातवा महिना लागला तशी ती ईटला आली. येताना सगळ्यांना सांगितलं की खुर्ची सोडली. मुलाला वाटलं, बायकोनं बंद केलं असेल. पण बंद कुणीच केलं नव्हतं. पुढच्या महिन्यात बाईंच्या फोनवर वर्गणी गेल्याचा निरोप नेहमीसारखाच आला.

"मला वाचता येत न्हाय. पण फोन वाजतो, हिरवी खूण येती. म्या वळखलं की खुर्ची हाय अजून. मग म्या गप्प बसले."

"पण कशासाठी?" मी विचारलं.

बाईंनी पदराच्या टोकाला गाठ मारली, सोडली.

"म्या पहिलीत होते तवा शाळेतनं नाव काढलं. मास्तरांनी हजेरीत नावावर रेघ वढली, ती म्या बाकावरनं बगितली. हिच्या नावावर कुठं रेघ नको होती मला. बाळ बसायला लागलं की सांगणार होते, जा, तुझी जागा तशीच हाय."

एवढ्यात सून चार महिन्यांच्या मुलीला खांद्यावर घेऊन दारात आली. तिनं मामांना ओळखलं आणि पुढं येऊन पाया पडली. मग सासूच्या तोंडाकडं बघून म्हणाली, "काय झालं, आत्या?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. बाईंनी दोन वाक्यांत सांगून टाकलं. मला वाटलं, सून आता रडेल, सासूच्या गळ्यात पडेल. तसं झालं नाही. ती बाजेच्या कडेला बसली आणि बराच वेळ मुलीची पाठ थोपटत राहिली.

"आत्या, मला विचारलं का न्हाय तुम्ही?"

"तू बी कुठं सांगितलंस काही?"

"काय सांगू? तुम्ही गावभर सांगत होतात, माझी सून सायेब होणार. तीन वर्षं बसले म्या तिथं. परीक्षेची तारीख यायची, पुढं जायची. पुन्हा पहिल्या पानापासून सुरू. त्या खुर्चीवरून उठले ना, तवा पहिल्यांदा मला सकाळी भूक लागली. मला न्हाय जायचं परत."

कालवडीनं दावं ताणलं. मी सासूबाईंकडं बघायचं टाळत होते. त्यांच्या सात महिन्यांच्या गुपिताचं असं व्हावं, याचं मला वाईट वाटत होतं. आणि सुनेचंही मला पटत होतं.

शेवटी बाईच बोलल्या. "मग बंद करा." थोड्या वेळानं त्यांनी मामांना विचारलं, "ह्या महिन्याचे दिवस ऱ्हायलेत का?"

मी मोबाईलवर बघितलं. "अकरा दिवस राहिलेत."

"मग म्या येते एकदा. एवढे दिस धरून ठेवली, कशी हाय ती बगायला नको व्हय?"

सुनेला हसू आलं. सासूही हसली.

पुढच्या आठवड्यात त्या खरंच आल्या. एकट्या, एसटीनं, फडक्यात भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी बांधून. मी मुद्दाम तिथं थांबले होते. दाराच्या यंत्रावर त्यांचा अंगठा काही केल्या उमटेना. दूध काढून आणि शेण काढून बोटांच्या रेषाच झिजल्या होत्या. मामांनी यंत्र बाजूला सारलं आणि त्यांना सतरा नंबरवर नेऊन बसवलं.

त्या ताठ बसल्या, हात मांडीवर. आधी दिव्याचं बटण दाबून बघितलं. मग आजूबाजूच्या पोरापोरींकडं बघत राहिल्या. कुणी मान वर करत नव्हतं. बऱ्याच वेळानं त्यांना समोरच्या प्लायवुडवर पेन्सिलनं लिहिलेलं दिसलं. शेजारच्या मुलीला त्यांनी हळूच विचारलं, "काय ल्हिलंय गं?"

मुलीनं कानाशी येऊन वाचून दाखवलं. नद्यांची नावं होती. खाली बारीक अक्षरात "झोप येतीय". आणि त्याखाली परीक्षेच्या पाच तारखा, एकीखाली एक. पाचही तारखांवर रेघ मारलेली.

त्या रेघा वाचायला त्यांना कुणाची गरज नव्हती. त्यांनी एकेका रेघेवरून बोट फिरवलं. मग जिन्यात जाऊन भाकरी खाल्ली, पुन्हा येऊन बसल्या, आणि दुपार कलल्यावर उठल्या.

"कळलं," एवढंच म्हणाल्या.

वर्गणी बंद करायचं बटण मी त्यांच्याच फोनवर उघडून दिलं. त्यांनी ते दाबलं. पुढं एक रिकामी चौकट आली. बंद करण्याचं कारण लिहा, असं त्यात असतं. मी म्हणाले, ते सोडून दिलं तरी चालतं.

"न्हाय, ल्ही की. बगून झालं."

मी तसंच लिहिलं. मामांनी मागच्या महिन्यांचे पैसे परत द्यायचं काढलं, तर त्या ऐकून न ऐकल्यासारखं करत जिना उतरल्या.

त्यानंतर मी सॉफ्टवेअरमध्ये एक बदल केला. भरणारा वेगळा आणि वापरणारा वेगळा असू शकतो, हे सात वर्षं रोज तेच काम करून माझ्या डोक्यात आलं नव्हतं. आता पंधरा दिवस कुणाचा अंगठा लागला नाही, तर दोघांनाही निरोप जातो: येणार आहात का, काही दिवस थांबवायचं आहे का, बंद करायचं आहे का. कंपनीतल्या साहेबांना मी हे सुचवलं, तर ते म्हणाले, कल्पना चांगली आहे, पण आपल्या गिऱ्हाइकांना नको असेल. त्यांचं खरंच असावं. पण इथल्या लोकांना ते हवं होतं. मामांचं बघून डबे पोचवणाऱ्या एक काकू आल्या. तामलवाडीचा पाण्याच्या जारवाला आला. त्याच्याकडं निम्म्या घरांचे पैसे पुण्या-मुंबईतली मुलं भरतात आणि पाणी गावाकडं आईवडील पितात. व्यायामशाळेवाला आला. प्रत्येकाला हप्ता आपोआप यायला हवा होता, आणि प्रत्येकाचा पुढचा प्रश्न असायचा की माणूस काही दिवस नसेल तर काय करायचं. मी एकेकाला विचारत बसायचे, तुमच्याकडं माणूस का थांबतं आणि का जातं. काकूंनी या एका प्रश्नावर मला दोन तास बसवून घेतलं. दीड वर्षानं मी पुण्याची नोकरी सोडली.

ईटच्या त्या सुनेला मी मध्यंतरी भेटून आले. तिनं गावात एक छोटा गाळा घेतलाय. संगणक, प्रिंटर आणि दोन खुर्च्या. भरतीचे, पीक विम्याचे, शिष्यवृत्तीचे अर्ज ती भरून देते. कोणत्या अर्जाला कोणता दाखला लागतो, फोटो केवढा लागतो, हे तिला तोंडपाठ आहे. मी गेले तेव्हा एक म्हातारे गृहस्थ समोर बसले होते आणि ती त्यांना विचारत होती, "बाबा, जन्मतारीख आधारवर वेगळी हाय आन् दाखल्यावर वेगळी. तुमची खरी कोणती?"

"तुला कोणती बरी वाटती ती टाक," म्हातारे म्हणाले.

तिनं कीबोर्डवरचा हात काढला, खुर्ची त्यांच्याकडं वळवली आणि म्हणाली, "तसं न्हाय चालत. सांगा, तुमचा जन्म झाला तवा शेतात काय पीक हुतं? तिथनं काढू."