पाद्रीसाहेबांचं छप्पर

कापसाच्या तेजीत अमरावतीत दोनच गोष्टींचे ढीग लागायचे. एक कापसाचे, दुसरे आमच्या पाद्रीसाहेबांच्या किश्श्यांचे. कापूस निदान बैलबंडीत भरून मुंबईकडे जायचा. किस्से मात्र माझ्याकडेच पडून राहिले, कारण मी साहेबांचा मुनशी. त्यांना मराठी शिकवायचं, त्यांचं इंग्रजी प्रवचन लोकांना मराठीत सांगायचं, आणि बंगल्यात काही मोडलं की दुरुस्तीला माणूस आणायचा. पहिली दोन कामं सोपी होती!

माणूस मिळणार कुठून? तिकडे अमेरिकेत भाऊ-भाऊ लढायला लागले, विलायतेच्या गिरण्यांना तिथला कापूस मिळेना, आणि आमच्या वऱ्हाडाच्या पऱ्हाटीला सोन्याचा भाव आला. सुतार, लोहार, कुंभार, सगळे कापसामागे. बैलांनीसुद्धा कडबा सोडून जिलबी मागितली म्हणतात. ते मी ऐकलेलं. पण भातकुलीच्या एका बैलाच्या मिशांना पाक लागलेला मी स्वतः पाहिलाय.

*

पहिलं गेलं टेबल. सातासमुद्रापलीकडून सुखरूप आलं आणि इथल्या वाळवीनं महिन्यात त्याचा एक पाय खाल्ला. साहेब मला घेऊन नामा सुताराकडे गेले. नामा रविवारीही बंडीचं चाक ठोकत होता.

"सोमवारी ये," साहेब माझ्या तोंडून म्हणाले. "रविवार विश्रांतीचा. देवानंसुद्धा सहा दिवसांत जग घडवून सातव्या दिवशी विश्रांती घेतली."

नामानं मान वर केली नाही. "त्याच्या मांगं कापसाच्या बंड्या उभ्या नसतीन ना जी!"

शेवटी मीच एका मोडक्या बंडीचा दांडा टेबलाखाली ठोकला. तेव्हापासून ते टेबल जरा धक्का लागला की बाजाराच्या दिशेनं सरकायचं.

*

मडमबाईंना पाव हवा होता आणि पीठ फुगत नव्हतं. मी सुचवलं, "बाई, पिठात घोटभर आंबलेली शिंदी घाला." पाव असा फुगला की भट्टीचं दार आपोआप उघडलं!

मग नेमच झाला. सकाळी मागच्या दारानं शिंदीचं मडकं आत, संध्याकाळी पुढच्या दारानं साहेब बाहेर, बाजारात दारूविरुद्ध बोलायला. एकदा नेमका शिंदीवाला समोर उभा.

"साहेब, दारू वाईट, तं तुमच्या बंगल्यावर रोज कोन पिऊन राह्यलं?"

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. मी इंग्रजीत सांगितलं, "हा म्हणतो, तुमचं बोलणं काळजाला भिडलं."

साहेबांनी दुसऱ्या दिवशी त्याला एक पाव पाठवला. त्याला आवडला!

*

उन्हानं हार्मोनियमचा भाता फाटला. मी भिस्त्याच्या जुन्या मशकीचं चामडं लावलं. सूर आला, पण त्या चामड्याची पाण्याची सवय काही जाईना. स्तोत्र सुरू झालं की पेटीतून गुळगुळ आवाज. पहिल्याच दिवशी दोन बाया घागरी घेऊन दारात.

"भिस्ती आला काय जी?"

साहेब हळूच म्हणाले, "निदान कुणी तरी आलं."

*

कारण तेच खरं दुखणं होतं. प्रार्थनामंदिराला भिंती होत्या, छप्पर नव्हतं, आणि आत माणूस नव्हता. त्यात बडे पाद्री अकोल्याला पोचल्याचा निरोप आला. रविवारी इथे येणार. मंदिर उभं नसेल, आत माणसं नसतील, तर मिशन बंद, साहेबांनी मायदेशी जायचं. मडमबाईंनी विहिरीपाशी लावलेल्या लिंबोणीला नुकती पहिली लिंबं धरली होती. त्या तिथे उभ्या राहून डोळे पुसायच्या. माझी नोकरीही त्याच लिंबोणीला लटकलेली!

तेवढ्यात अवकाळी ढग आले. किसनशेठ व्यापाऱ्याचं अंगण कापसानं भरलेलं, सगळं उघड्यावर. मी गेलो.

"शेठजी, भिंती आमच्या, छप्पर तुमचं. कापूस आत ठेवा."

"अन् रविवारी?"

"रविवारी देव."

शेठजींच्या माणसांनी बघता बघता छपरावर कवेलू चढवली. नामा सुतारही आला!

रविवार उजाडला, पण माल हलला नव्हता. शेतकऱ्यांचा कापूस मोजायचा राहिलेला, आणि वऱ्हाडातला माणूस न मोजलेल्या कापसावरून उठत नाही. मंदिर गच्च! जो तो आपापल्या गठ्ठ्यावर ठाण मांडून. मी सगळ्यांना बजावलं, "पटलं की आमेन म्हणायचं."

बडे पाद्री दारातच थबकले. मग हात वर करून त्यांनी इंग्रजीत प्रार्थना केली, "हे प्रभू, अमेरिकेतलं युद्ध लवकर थांबव!" आणि माझ्याकडे पाहिलं. सांगा.

मी गठ्ठ्यांवरच्या माणसांकडे पाहिलं. मडमबाईंच्या जोडलेल्या हातांकडे पाहिलं. डोळे मिटले आणि खणखणीत सांगितलं, "देवा, कापसाचा भाव असाच टिकू दे!"

"आमेन!!" दोन कवेलू खाली आली.

बड्या पाद्रींच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. "शांतीची एवढी तळमळ मी कुठंच पाहिली नाही. हे मिशन बंद करणं पाप होईल!"

मडमबाई लिंबोणीकडे धावल्या. किसनशेठ माझ्या कानाशी लागले.

"मुनशीबुवा, आपल्या देवाले अमेरिका लय दूर पडते. या साहेबांच्या देवाले जवळ आहे. दर रविवारी होऊ द्या!"