अस्तर आधी भिजवा

"उलटी बाजू दाखवा." कुणाचंही काम तपासायला बसले की ते हेच म्हणायचे. मग तो कुणाचा सदरा असो की कॉम्प्युटरचा प्रोग्राम. नजरबादच्या मराठी शिंप्याच्या घरात वाढलेला हा माणूस सरकारी कचेरीतून निवृत्त झाला आणि मग प्रोग्राम लिहायला शिकला.

सरस्वतीपुरमला माझ्या घरी ते धरून आम्ही सहाजण शनिवारी जमायचो. अंधांना कन्नड मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम आम्ही करत होतो. कुणीही मोफत घ्यावा, उघडून दुरुस्त करावा असा. त्याचे भाग दोन. एक आकड्यांचे आणि चिन्हांचे शब्द करतो, दुसरा ते शब्द बोलतो. बाहेर पाठवण्याआधी काय काय तपासायचं, त्याच्या याद्या माझ्याकडे. पहिलीच ओळ लाल शाईत होती: दोन्ही भाग एकाच दिवशी बाहेर. एकदा पहिला भाग एकटा पाठवला होता. त्यातल्या नव्या खुणा जुन्या आवाजाला, म्हणजे दुसऱ्या भागाला, कळेनात आणि लोकांचे कॉम्प्युटर दोन दिवस मुके झाले. माझ्या जागी तुम्ही असता तर तुम्हीही हीच ओळ लिहिली असती.

मग कृष्णराजनगरहून एका गणिताच्या बाईंचा फोन आला. त्यांना दिसत नाही. प्रोग्राम दशांश चिन्ह गिळत होता, त्यामुळे भर वर्गात अडीचचे पंचवीस होत होते. सोमवारी दशांशांचा धडा सुरू व्हायचा होता आणि वर्ग दुसऱ्याला द्यावा का, अशी शाळेत कुजबुज होती.

दुरुस्ती आमच्या ह्या निवृत्त गृहस्थांनी तासाभरात केली. पण नवा आवाज तयार व्हायला महिना होता. मी लाल ओळीवर बोट ठेवलं.

"नोडी, बघा अक्का," ते म्हणाले, "आमचे आप्पा ब्लाउजचं अस्तर आधी भिजवायचे. आकसायचं ते आधीच आकसलं की पुढे चुण्या पडत नाहीत. आकसणार काय, तेवढं बघायचं. ह्या दुरुस्तीत आवाजाला नवी खूण शिकायची आहे?"

"नाही."

"मग बाईंना महिनाभर खुंटीला कशाला टांगता?"

मी म्हटलं, तोंडी नको, करून दाखवा. लोकांकडे चालू असलेले तिन्ही जुने आवाज त्यांनी काढले आणि एकेका आवाजाकडून तेच चाळीस आकडे वदवून घेतले. मी एकेका आकड्यापुढे बरोबरची टिक करत गेले. तिसऱ्या आवाजाचा चाळिसावा आकडाही बरोबर आला. मी लाल ओळ खोडली आणि लिहिलं: नवी खूण असेल तर एकत्र, नसेल तर सुटं.

रविवारी सकाळी अकराला तो भाग एकटा बाहेर पडला. वीस मिनिटांत बाईंचा फोन. त्यांनी तो कॉम्प्युटरपाशी धरला होता. "एरडु पॉइंट ऐदु." दोन पॉइंट पाच! आम्ही सगळे एकदम ओरडलो. ते मात्र शून्य पॉइंट शून्य पाच मागत होते.

फोनवरच्या आवाजावर त्यांचा भरवसा नव्हता. सोमवारी पहिल्या बसने ते कृष्णराजनगरला गेले.

त्याच वर्षी दिवाळीनंतर ते वारले. भेटायला आलेल्या बाईंनी मला त्या सोमवारचं सांगितलं. शेवटच्या बाकावर पोरांत बसून ते एकेक आकडा घालायला सांगत होते, कॉम्प्युटर तो बोलत होता, पोरं कागदावर लिहीत होती. घंटा झाली. एकही पोर उठलं नाही, आणि मागून त्यांचा आवाज आला, "मिस, अजून एक."