कोंडीबा मिस्तरी आणि निळा धूर

कोंडीबा मिस्तरीचा डावा डोळा गेला. वय झालं म्हणून गेला, असं आमच्या हिंगोलीकडच्या गोरेगावात सगळे सांगतेत. सांगू द्या. मला खरं माहीत हाय.

आता नव्या गाड्यांचा धूरच दिसत न्हाई. पण आमच्या जुन्या डिझेल जीपा धुरायला लागल्या की पहिलं कोंडीबामामांकडंच न्यायच्या. मामा लिंबाखाली बाजेवर बसून म्हणायचे, "मार रेस!" सायलेन्सरकडं एकदा बघितलं की निकाल. काळा धूर असला तर हवेची जाळी चोंदली. पांढरा असला तर डिझेल फवारणारं नोझल खराब. निळा असला की तोंड वाकडं करायचे, "पिस्टनच्या रिंगा गेल्या, ऑइल जळून राहिलं. उतरव इंजिन." तपकीर ओढून ओढून नाक कवाच कामातून गेलेलं, सगळा कारभार नजरेवर. पण एकदम बराबर! सेनगावच्या गाड्या रांग लावायच्या. काय दिवस व्हते राव!

दोन वर्षांमागं माझी जीप धुरू लागली. धूर निळा व्हता, मला सरळ दिसत व्हता. मामांनी डोळे बारके केले अन् म्हणले, "पांढरा हाय, बालाजी. नोझल साफ करू."

माझ्या बापाला ज्यानं स्टेअरिंग धरायला शिकवलं, त्याला मी रंग शिकवू? स्टँडावर दुसऱ्या जीपवाल्याला, भावसिंगला, इचारलं. तो म्हणला, "मला बी निळाच दिसते. पण मामा म्हणतेत तर पांढरा असंल." झालं! दोन वर्षं मी नोझल साफ करत राहिलो अन् इंजिनात ऑइल ओतत राहिलो. येडाच मी.

औंदा मामांच्या लेकीनं, पद्मानं, त्यांना जबरीनं हिंगोलीला नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलेला. उजव्याचं ऑपरेशन झालं. डाव्यात त्यापायी काचबिंदू बी झालेला, त्याला उशीर झाला म्हणले डॉक्टर.

महिन्याभरानं मामा परत लिंबाखाली बसले. मला लई आनंद झाला, जीप नेऊन उभी केली अन् रेस मारली. मामा बघतच राहिले.

"निळा हाय की रे हा!"

"व्हय मामा."

"कवापासून?"

"दोन वर्षं झाले."

"तुला दिसत व्हता?"

मी होकाराची मान हलवली.

"मंग बोलला काहून न्हाईस?"

"तुमी पांढरा म्हणलात. मंग कसं बोलावं?" मी जीप बंद केली. "इंजिनाचं जाऊ द्या मामा, रिंगा नव्या बसतेत."

"इंजिनाचं कोण इचारून राहिलं?" मामांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला. "तवाच बोलला असतास तर म्या तवाच दवाखाना गाठला असता, लेका."

"तुमाला राग येईल वाटलं."

"आला असता," मामा म्हणले. "चार शिव्या दिल्या असत्या तुला. अन् दुसऱ्या दिवशी मुकाट्यानं डोळे दाखवायला गेलो असतो."