बाईसाहेबांच्या पाठीवरची गाठ

गादीवाल्यांची सारी हयात कापसातल्या गाठी मोडण्यात गेली. गादीवरून नुसता तळवा फिरवला, की आत गाठ कुठे दडलीय ते त्यांना कळायचं, आणि ती मोकळी केल्याशिवाय त्यांना घास गोड लागायचा नाही. त्यामुळे चौदा वर्षांच्या मांजरीच्या, म्हणजे घरच्या बाईसाहेबांच्या, पाठीवर वाटाण्याएवढी गाठ हाताला लागली, तेव्हा तिची सुटका कशी व्हायची? रोज दुपारी दुकानात बाईसाहेब पिंजलेल्या कापसावर पसरत, आणि गादीवाले ती गाठ अगदी प्रेमाने चोळत बसत. आठ दिवसांत ती लालबुंद होऊन बोराएवढी सुजली.

"धन्य आहे तुमची!" बायको म्हणाली. "मांजर आहे हो ती, उशी नाही."

प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सुईने गाठीतलं थोडं बाहेर काढून तपासलं. "साधीच गाठ आहे. कातडीखाली तेलकट मळ साठलाय. पण एवढी सुजली कशी? दाबतं का कोणी?"

गादीवाले छताकडे बघू लागले. बायकोने त्यांचे दोन्ही हात धरून टेबलावर ठेवले. "हे बघा, गुन्हेगार."

डॉक्टरीणबाई हसल्या, पण पुढचं हसून सांगितलं नाही. "दाबायची नाही, फोडायची नाही. कोमट पाण्यात भिजवलेलं स्वच्छ फडकं नुसतं टेकवायचं. तिला चाटू द्यायचं नाही. औषध देते. दहा दिवसांत सूज उतरली नाही, तर कापून काढावी लागेल. आणि या वयात भूल द्यायची म्हणजे धोका असतो."

गादीवाल्यांच्या तोंडचं पाणी पळालं. घरी येताच त्यांनी बाईसाहेबांना पाठ चाटता येऊ नये म्हणून कापूस भरून जाडजूड गळपट्टा शिवला. तो घालून त्या दिवसभर दुखावलेल्या न्यायाधीशासारख्या बसून राहत.

बायको येता-जाता विचारी, "अहो, हात कुठेत?"

"मांडीखाली."

"दोन्ही?"

"आता पायही दाखवू का?"

दहाव्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी गाठ तपासली. "उतरली सूज. उरलेली राहू दे, तिला काही त्रास नाही. वाढली, फुटली, रक्त आलं, तर मात्र लगेच आणा. बघा हात लावून, केवढीशी राहिलीय."

गादीवाल्यांनी झटकन दोन्ही हात खिशात कोंबले.

"नको. तुमच्यावर विश्वास आहे माझा," खिशांकडे बघत ते म्हणाले, "यांच्यावर नाही."