न वाकणाऱ्या पायासाठी फियाट

फोन शबानाभाभींचा होता, धाराशिवला अक्काच्या भिंतीला भिंत लावून राहतात त्या. पण त्यांच्या मागं गाडीचा हॉर्न असा सलग वाजत होता की मला काही ऐकू येईना. "हॉर्न कोण वाजवतंय, भाभी?" "तुमचे भाऊजी. काठी टेकत गाडीपर्यंत आले, अन् आता हात काढंनात. आत अक्का पडल्यात, उठंनात… तुम्ही निघा लवकर." तुळजापूरहून मी पोचले तोवर माझी थोरली बहीण शैला, आमची अक्का, गेलेली होती. हृदय बंद पडलं, असं डॉक्टर म्हणाले. अर्धांगवायूनं भाऊजींची वाचा गेलेली, कसाबसा एखादा शब्द फुटायचा. हाक कुणाला मारणार? म्हणून त्यांनी तो हॉर्न धरला होता.

ती गाडी म्हणजे इटालियन कंपनीची जुनी फियाट. आज महिना होत आला, आणि अक्का आठवली की मला ती गाडी शोधत हिंडणारी अक्काच दिसते. भाऊजींची डावी बाजू गेल्यापासून त्यांचा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. नव्या गाड्यांत दोन सीटांच्या मधे गिअरचा दांडा, मग ताठ पाय ठेवायचा कुठं? सोलापूरला उपचाराला न्यायचं तर दोघांनी उचलून कोंबावं लागायचं, आणि भाऊजी तेवढा वेळ डोळे मिटून घ्यायचे. पुढं त्यांनी घराबाहेर पडायचं सोडलं, मग जेवणही निम्म्यावर आलं. अक्का घाबरली ती तेव्हा. एका लग्नात तिला फियाट दिसली. पुढं बाकासारखं सलग सीट, गिअर स्टिअरिंगलाच. तिनं मालकाला विचारून दार उघडलं आणि एक पाय ताठ ठेवून स्वतः बसून पाहिलं. "हिच्यात ते सरकत सरकत बसतील गं," म्हणाली. पन्नाशी उलटलेली बाई, त्याच आठवड्यात ड्रायव्हिंग क्लासला जायला लागली.

पुण्याहून तिचा मुलगा महेश फोनवर चिडला. "आई, असल्या भंगारात बाबांना बसवणार? काही झालं तर मला सांगू नकोस." अक्कानं फोन ठेवला आणि माझ्याकडं पाहिलं. "तू येतीस का न्हाय, एवढं सांग."

तुळजापुरात एका लॉजवाल्याकडं वरातीसाठी चकाचक केलेली गाडी होती, ती आमच्या ऐपतीबाहेरची. तेर गावात जी होती ती गोठ्यात उभी. मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली, आणि तळाचा पत्रा गंजून खालची माती दिसत होती. शेवटी ईट गावातली एक कळली. या वेळी अक्कानं भाऊजींनाही सोबत नेलं. भाऊजी दारातून बसले, सरकले, पाय आत घेतला… कुणी हात लावला नाही. अक्का चालवायला, मी आणि गाडीचे मालक मागं. बरी चालली होती. उताराला लागलो आणि अक्काचा पाय एकदम तळाला गेला. ती पुन्हा पुन्हा दाबत होती. पुढं उसाची ट्रॉली, समोरून एसटी.

"ब्रेक लागंना," ती म्हणाली, अगदी हळू.

मालक वाकून "हँडब्रेक ओढा, हँडब्रेक" म्हणत होते. तो ओढला तरी गाडी नुसती थरथरली. तिनं गिअर खाली टाकला, मग आणखी खाली. इंजिन किंचाळत होतं. उसाचे शेंडे काचेला घासणार एवढ्यात तिनं गाडी डावीकडं, नांगरलेल्या रानात घातली. ढेकळांत चाकं रुतली आणि आम्ही थांबलो.

मग मालक म्हणाले, "मावशी, मला खरंच ठाव नव्हतं. वडील गेल्यापासून शेडातच होती. तुम्ही नका घेऊ." अक्काची बोटं स्टिअरिंगवरून सुटत नव्हती. भाऊजींचे डोळे मात्र उघडे होते. ते समोरचं रान बघत होते… किती महिन्यांनी. त्यांनी उजव्या हातानं सीट थोपटलं.

"ही… हीच."

"अवो, मरता मरता वाचलाव आपण."

"हीच."

तेव्हा कुठं अक्काला रडू फुटलं. डोळे पुसून ती मालकांना म्हणाली, "ब्रेकचं काम समदं नवं करून द्या. मग नेते."

त्या गाडीतून तिनं भाऊजींना सोलापूर, नळदुर्ग, सगळीकडं फिरवलं. माझी भीती कधी गेली नाही. प्रत्येक उताराला मी मागं बसून पाय दाबायची. महेश सणाला यायचा, पण त्या गाडीत बसला नाही.

अक्काचं दिवसकार्य झालं आणि महेश म्हणाला, "मावशी, बाबांना मी पुण्याला नेतो. गाडी काढून टाकू." भाऊजींनी ऐकलं. काठी घेतली आणि गाडीत जाऊन बसले. जेवायला बोलावलं, आले नाहीत. मी गेले, मला दार उघडू देईनात. शेवटी महेश उठला, चावी घेतली आणि दुसऱ्या बाजूनं बसायला गेला. भाऊजींच्या पायासाठी ते सलग सीट कायम मागं सरकवलेलं असायचं, आणि अक्का ठेंगणी, म्हणून ती पाठीशी गोधडीची घडी ठेवायची. घडीला मधोमध तिच्या पाठीचा खळगा पडलेला. महेशनं ती उचलायला हात घातला. भाऊजींनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे."

महेश तसाच आखडून बसला. गल्लीतून गाडी बाहेर पडली तेव्हा त्याचे गुडघे स्टिअरिंगला घासत होते, पण पाठ त्यानं गोधडीला टेकवली होती.